रीफ टँकमध्ये शेवाळ: आधी ओळख, मग पाकीट

दुकानात जाऊन ‘शेवाळावर काहीतरी द्या’ असं म्हणू नका. दुकानदार काहीतरी देतो. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात निदान सहा वेगवेगळे प्रकार असतात. त्यातला एक तर चक्क जिवाणू आहे. शिवाय एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो. चुकीची बाटली घेतलीत तर दोन-अडीच हजार जातात, आणि कधी कधी त्यांच्यामागून कोरलही जातात.

खाली दिलेले हिशेब २०० लिटरच्या टँकचे आहेत. रॉक आणि रेती वजा केली की त्यात पाणी साधारण १७० लिटरच राहतं. औषधाचा डोस नेहमी या आकड्यावर काढायचा, काचेवरच्या स्टिकरवर नाही. सम्प, म्हणजे टँकला जोडलेली फिल्टरची टाकी, असेल तर त्यातलं पाणी मिळवा. भाव मुंबई-पुण्याकडचे आणि ढोबळ आहेत. बराचसा माल आयात होतो, त्यामुळे दुकानागणिक शे-पाचशेचा फरक पडणारच.

काय आहे ते बघा (खर्च: शून्य)

काचेवर दोन-तीन दिवसांनी हिरवट थर येत असेल तर तो रोग नाही. मॅग्नेटने पुसा आणि विसरा. रॉकवर गुलाबी-जांभळे कडक डाग पडत असतील तर उलट खूश व्हा. ते कोरलाइन शेवाळ, टँक रुळल्याची खूण. ते खरवडायला पैसे घेणारे लोक आहेत, त्यांना हात लावू देऊ नका.

टँक नवा आहे, दोन-सहा आठवड्यांचा, आणि रेतीवर-काचेवर तपकिरी भुकटी बसली आहे, बोट फिरवलं की उडते? ते डायटम. पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि ते संपलं की आपोआप जातात. औषध नको. मात्र टँक वर्षभर जुना असून डायटम परत आले, तर तुमच्या पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधलं डीआय रेझिन संपलेलं असण्याची शक्यता मोठी.

लालसर-जांभळी बुळबुळीत चादर, चिमटीत धरली तर अख्खा पापुद्रा सुटून येतो, नाकाला कुबट वास: हा सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. जिथे पाणी हलत नाही तिथे आधी दिसतो.

हिरवे केस, मऊ, ओढले की तुटतात: हेअर अल्गी. तेच केस नीट पाहिल्यावर पिसासारखे किंवा नेच्याच्या पानासारखे दिसले, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना फांद्या, तर ते ब्रायोप्सिस. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नसेल तर एक तुकडा पांढऱ्या बशीत पाण्यात ठेवून मोबाइलने झूम करून बघा. चकचकीत हिरवे मणी दिसत असतील तर व्हॅलोनिया, ज्याला सगळे बबल अल्गी म्हणतात.

आणि सगळ्यात फसवा प्रकार: तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. संध्याकाळी टँक घाण, सकाळी दिवे लागायच्या आधी बऱ्यापैकी स्वच्छ, दुपारी पुन्हा तेच. गोगलगायी सुस्त पडतात, काही मरतात. हे डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. नवखा माणूस त्यांना डायटम समजून वाट बघतो किंवा सायनो समजून औषध टाकतो. दोन्ही महागात पडतं.

शंका असेल तर ही चाचणी करा. ड्रॉपरने किंवा जुन्या सिरिंजने त्या तपकिरी तारा ओढून घ्या, टँकच्याच पाण्यासह छोट्या पारदर्शक बाटलीत भरा. जोरात हलवा, पाणी चहाच्या रंगाचं गढूळ होईल. ते कॉफी फिल्टरमधून किंवा घट्ट विणीच्या सुती कापडातून दुसऱ्या ग्लासात गाळा. ग्लास टँकच्या दिव्याखाली तासभर ठेवा, हलवू नका. गाळलेल्या पाण्यात पुन्हा तारा जमून आल्या, कणाला कण चिकटून तरंगायला लागले, तर डायनो. नुसता गाळ तळाशी बसला, तर बहुधा डायटम.

डायनो ठरले तर जात ओळखण्यासाठी ४०० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप लागतो. ओळखीच्या कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर काम फुकटात होतं. अंबाल्यात बनणारा विद्यार्थ्यांसाठीचा मायक्रोस्कोप तीन ते सहा हजारांत मिळतो, पण एका नमुन्यासाठी तो घेऊ नका. बीच्या आकाराच्या, एक टोक निमुळतं असलेल्या पेशी जागच्या जागी गिरक्या घेत असतील तर ऑस्ट्रिऑप्सिस. चपट्या, टोकाला बारीक चोच असलेल्या आणि सरळ सरपटणाऱ्या असतील तर अॅम्फिडिनियम. ही जात कशाला हवी ते पुढे येईल. त्यावर तीन-चार हजारांचा यूव्ही घ्यायचा की नाही ते ठरतं.

पाणी: खरा खर्च इथे आहे

‘आमच्याकडे आरओ आहे’ असं बहुतेक जण सांगतात. तो स्वयंपाकघरातला असतो. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा मिनरल कार्ट्रिज लावतात. त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मुद्दाम ५०-१०० वर ठेवलेला असतो. तुम्हाला हवा शून्य. वीस लिटरच्या जारचंही तेच. टीडीएस मीटर दोनशे ते सहाशे रुपयांना मिळतो. आज दुसरं काही घेऊ नका, हा घ्या.

टँकसाठी वेगळा आरओडीआय लागतो, साधारण सहा ते पंधरा हजार. किमतीच्या पाटीवर नसलेल्या गोष्टी अशा: इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला मेंब्रेनला लागतो तेवढा दाब नसतो, वरच्या मजल्यांवर तर नसतोच. त्यामुळे बूस्टर पंप घ्यावाच लागतो, दीड ते तीन हजार. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलायचे. डीआय रेझिन किती टिकेल ते तुमच्या नळावर अवलंबून. पालिकेच्या धरणाच्या पाण्यावर महिनोन्‌महिने जातं, टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर काही आठवड्यांत संपतं. घेण्याआधी नळाचा टीडीएस मोजून विक्रेत्याला सांगा आणि रेझिनचा किलोचा भाव तिथेच विचारा. प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं, ते फरशीला आणि कपड्यांना वापरा.

एवढा खर्च नको असेल तर खाऱ्या पाण्याच्या दुकानातून तयार आरओडीआय पाणी मिळतं का ते बघा. पण मीटर खिशात घेऊन जा आणि कॅन भरताना समोर मोजा. चौपाटीवरून समुद्राचं पाणी आणण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी टँकमध्ये घालायचं असेल तर शेवाळाची तक्रार करू नका.

मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम लागतं. किलोला ३०० ते ५०० रुपये धरले, तर आठवड्याला २० लिटर पाणी बदलण्याचा महिन्याचा खर्च ८४० ते १,४०० रुपये. शेवाळाशी लढताना पहिला महिना दुप्पट पाणी बदला, म्हणजे १,७०० ते २,८०० धरा. बादली घेताना वजन बघा, ‘इतके लिटर’ हा आकडा नाही. कंपन्या लिटरचा आकडा कमी क्षारतेवर काढून मोठा दाखवू शकतात.

मोजा, पण आकड्याला फसू नका

दोन किट लागतात: नायट्रेट आणि फॉस्फेट. चांगल्या ब्रँडची प्रत्येकी दीड ते अडीच हजार. फॉस्फेटसाठी रंग जुळवणारं किट खालच्या पातळीवर अंदाजच देतं. ०.०३ आणि ०.०८ मधला फिका निळा ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो. परवडत असेल तर हातातला डिजिटल चेकर घ्या, सहा ते नऊ हजार. त्याची रिएजंटची पाकिटं वेगळी विकत घ्यावी लागतात, हे दुकानात आपणहून कुणी सांगत नाही. किटवरची एक्स्पायरी बघा. आयात किट इथल्या शेल्फवर येईपर्यंत निम्मं आयुष्य संपलेलं असू शकतं.

नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर ठीक. टँक हिरव्या केसांनी भरला आहे आणि फॉस्फेट शून्य दिसतंय? किट बिघडलेलं नाही. केसांनी खाऊन उरलं तेवढंच किट मोजतं. अशा वेळी आकड्यावर नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवा. उलट टँकमध्ये केस अजिबात नाहीत, दोन्ही आकडे खरोखर शून्य आहेत आणि तपकिरी तारा आहेत, तर डायनोंचा संशय पक्का समजा.

परदेशात नमुना पाठवून होणारी आयसीपी तपासणी काही हजारांची असते. शेवाळासाठी तिची गरज नाही.

हाताने काढा

प्रत्येक प्रकारात, डायटम आणि डायनो सोडून, पहिलं काम हेच आणि खर्च जेमतेम शंभर. एअर पंपाची साधी नळी घ्या, मीटरला दहा-वीस रुपये. तिचं टोक नव्या टूथब्रशच्या दांड्याला रबर बँडने असं बांधा की तोंड ब्रशच्या केसांपाशी येईल. दुसरं टोक बादलीत. सायफन सुरू करा, एका हाताने केसांच्या मुळाशी घासा, सुटलेलं सगळं नळीतून थेट बाहेर. नुसतं घासून पाण्यात उडवलंत तर प्रत्येक तुकडा नव्या ठिकाणी जाऊन बसतो. दहा-पंधरा लिटर गेले की थांबा, उरलेलं पुढच्या पाणी बदलीला. बबल अल्गी फोडू नका, मुळाशी बोटाने हलकेच फिरवून अख्खा मणी काढा.

त्याच आठवड्यात हेही करा, याला पैसे लागत नाहीत. दिवे आठ तासांवर आणा, पांढरा चॅनेल कमी करा. फ्रोझन खाऊ गाळणीत नळाखाली धरून धुवा, त्या पाण्यातही थोडं फॉस्फेट असतं. फिल्टर सॉक दर तीन दिवसांनी बदला. जिथे सायनो बसतो तिकडे वेव्हमेकरचं तोंड वळवा.

(डायनो असतील तर यातला एकही ‘कमी खाऊ’वाला सल्ला पाळू नका. त्यांच्याकडे आत्ता येतोच.)

बाटल्या आणि गोळ्या

सायनो: हाताने काढणं, प्रवाह आणि तीन दिवसांचा अंधार यांनी बहुतेक वेळा काम होतं. दिवे पूर्ण बंद, काचेला चारी बाजूंनी चादर, एअर पंप चालू, मासे उपाशी राहिले तरी चालतात. चौथ्या दिवशी मोठी पाणी बदली. खर्च शून्य, विजेचं बिल उलट कमी. यानंतरही परत आला तर सायनोची तयार पावडर मिळते. ती टाकल्यावर ऑक्सिजन झपकन उतरतो, म्हणून एअरस्टोन लावल्याशिवाय टाकू नका. रात्री टाकून झोपू नका, आणि लाइट जाण्याच्या दिवशी तर नकोच. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून टाकण्याचा शॉर्टकट टाळा. टँकमधले कामाचे जिवाणूही मरतात आणि उरलेलं औषध मोरीतून सगळ्यांच्या पाण्यात जातं.

ब्रायोप्सिस: फ्लुकोनाझोल. ही बुरशीवरची गोळी, लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम. १७० लिटर पाण्याला १५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. टँकच्या नावाने डबीत येणाऱ्या आयात पावडरपेक्षा हे कितीतरी स्वस्त, पण औषध चिठ्ठीवर मिळणारं आहे, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोला. गोळी बारीक कुटून टँकच्या पाण्यात विरघळवून घाला. कार्बन काढून ठेवा, स्किमर बंद, दोन आठवडे धीर. पहिला आठवडा काहीच घडत नाही, मग पिसं पांढुरकी पडतात. याच काळात लोक दुसरा डोस टाकतात, तुम्ही टाकू नका. हेअर अल्गीच्या काही जातींवरही ती लागू पडते. बबल अल्गी, सायनो आणि डायनो यांवर अजिबात नाही. शेवटी २०-३० टक्के पाणी बदला आणि कार्बन परत लावा.

हेअर अल्गी: फॉस्फेट खरंच जास्त असेल तर जीएफओ नावाची तांबूस दाणेदार मीडिया. पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करा. फॉस्फेट एका झटक्यात शून्यावर नेलंत तर कोरल फिके पडतात आणि रिकाम्या जागी डायनो येतात, मग हे प्रकरण आणखी महाग होतं. रॉकमध्ये मुरलेलं फॉस्फेट महिनोन्‌महिने पाझरत राहतं, त्यामुळे आकडा उतरून परत चढला तर मीडिया बनावट आहे असं लगेच समजू नका. सम्पमध्ये जागा असेल तर कीटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा आणि साधा एलईडी हा स्वस्त मार्ग. गोळा घेताना उघडून बघा, त्यात व्हॅलोनियाचे मणी आणि ब्रायोप्सिसचे तुकडे लपून येतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड: कोरलचा छोटा प्लग बाहेर काढून शेवाळावर ब्रशने लावायला उत्तम. पण परदेशी सल्ले ३ टक्क्यांचे असतात आणि आपल्या केमिस्टकडची बाटली बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ असते, म्हणजे ६ टक्के. तेवढंच पाणी मिसळून निम्मी करा. टँकमध्ये थेंब टाकायचेच असतील तर ३ टक्क्यांचं दिवसाला साडेचार मिलि, ६ टक्क्यांचं सव्वादोन. क्लीनर श्रिम्प असेल तर तेही नको.

डायनो: सगळं उलट. खाऊ वाढवा, स्किमर कमी करा, जीएफओ काढा, दोन-तीन आठवडे पाणी बदलू नका. आकडे वर येईनात तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट: १७० लिटरला १.२ ग्रॅमने नायट्रेट ५ पीपीएम वाढतं. बाटलीवरचं नाव दोनदा वाचा, सोडियम नायट्राइट हे वेगळं आणि विषारी. ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर यूव्ही चालतो, कारण तो रात्री रेती सोडून पाण्यात तरंगतो. १७० लिटरला १५-१८ वॉटचा घ्या आणि सम्पला नाही, थेट डिस्प्ले टँकला जोडा. ट्यूब वर्षभराने बदलावी लागते, तिचा भाव आधीच विचारून ठेवा. अॅम्फिडिनियम रेतीतच बसून राहतो. त्याच्यासाठी यूव्ही म्हणजे पैसे पाण्यात.

एक सरसकट मनाई. गोड्या पाण्याच्या टँकची ‘अँटी-अल्गी’ बाटली, निळी असो की रंगहीन, रीफमध्ये नको. बऱ्याच बाटल्यांत तांबं असतं आणि तांब्याने श्रिम्प, गोगलगायी, कोरल सगळे जातात. ते रॉकमध्ये मुरतं, पाणी बदलून निघत नाही. घटक छापलेले नसलेली कुठलीही ‘नैसर्गिक’ बाटलीही त्याच रांगेत.

गोगलगायी, खेकडे, मासे

टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी हेअर अल्गी चांगली खातात. २०० लिटरला पाच-सहापासून सुरुवात करा, पन्नास नव्हे. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात आणि अमोनिया वाढतो. टर्बो अंगाने जड, चिकटवले नसलेले कोरल पाडते. व्हॅलोनियावर एमराल्ड क्रॅब, पण त्याचं खाणं लहरी. फॉक्सफेस मासा बरंच काही खातो, मात्र २०० लिटर त्याला अपुरे आहेत आणि त्याचे काटे विषारी. डायनोंना यातलं कुणीच खाऊ नये, खाल्लं तर मरतं.

चेन्नईहून किंवा दुसऱ्या शहरातून मागवत असाल तर भाव नगाचा सांगतात. वर थर्माकोल बॉक्स, ऑक्सिजन पॅकिंग, कुरिअर आणि किमान ऑर्डरची अट येते. पाच गोगलगायींसाठी पार्सलच महाग पडतं. शहरातले दोन-तीन टँकवाले मिळून मागवा. माल मेलेला आला तर भरपाई कशी, हे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. बहुतेक जण पिशवी न उघडता दोन-तीन तासांत काढलेला व्हिडिओ मागतात.

सर्व्हिसवाला बोलवायचा असेल तर

‘गॅरंटीने शेवाळ घालवतो’ म्हणणाऱ्याला चार गोष्टी विचारा. कोणतं शेवाळ आहे? नायट्रेट-फॉस्फेट किती निघालं? काय टाकणार, नाव काय? पाणी कुठलं, त्याचा टीडीएस किती? पहिल्या प्रश्नाला ‘बघू, औषध टाकतो’ असं उत्तर आलं तर व्हिजिटचे पैसे देऊन मोकळे व्हा. वार्षिक करारात मीठ, पाणी, मीडिया धरलं आहे की वेगळं, हे कागदावर हवं. वेगळं असेल तर महिन्याचा आकडा सहज दुप्पट होतो. दुकानात बिल मागितलं की ‘मग जीएसटी वेगळा’ असं ऐकाल. यूव्ही, चेकर, पंप यांचं बिल घ्याच, त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही.

रॉक बदलायची वेळ आली तर

शेवाळलेला रॉक उकळत्या पाण्यात टाकू नका. बटण पॉलिप म्हणून मिळणाऱ्या झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. उकळल्यावर किंवा कोरडा घासल्यावर ते वाफेतून, धुळीतून हवेत येतं आणि यामुळे अख्खी घरं इस्पितळात गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत. तोंडात धातूची चव, धाप, ताप, थरथर जाणवली तर खोलीबाहेर पडा, थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. साधी साफसफाई करतानाही ग्लोव्ह्‌ज आणि चष्मा हवा.

नवा रॉक मालवण-रत्नागिरीकडून उचलून आणू नका. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही प्रवाळच. कोरडा, कृत्रिम रॉक घ्या. २०० लिटरला १५ ते २० किलो पुरतो. पावती घ्या. टँकमध्ये टाकण्याआधी तो आरओडीआय पाण्यात आठवडाभर ठेवून त्या पाण्याचं फॉस्फेट मोजा. ०.१ च्या वर निघालं तर पाणी बदलून आणखी एक आठवडा.